हातमोज्यावर चाचणीची तारीख हवी

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
महावितरण, मुंबई



गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरी परिसरात वळवाचे वारे सुटले की फांद्या तारांवर पडतात, डीपीचे फ्यूज उडतात आणि गाव वायरमनची वाट बघू लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर जिल्ह्यातले महावितरणचे कर्मचारी पुराच्या पाण्यातून खांबांपर्यंत गेले. त्यांचे कौतुक झाले, ते योग्यच. आता त्यांच्या हातातल्या रबरी मोज्यांकडे लक्ष द्यावे.

मोजा दिसायला धडधाकट असतो. पण ऊन, ओझोन, तेल-ग्रीस आणि घडी घालून पेटीत कोंबणे यांमुळे रबराला बारीक चिरा जातात. पन्नास मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला तर हृदय बंद पडू शकते; घरातला साठ वॉटचा जुना बल्ब त्याच्या पाचपट प्रवाह घेतो. वाहिनी बंद करून परमिट घेतले, तरी कुणाच्या जनरेटरमधून उलटा पुरवठा येण्याची भीती असतेच. म्हणून आर्थिंगही हवे आणि मोजेही.

मोजा दोन प्रकारे तपासतात. कामाआधी मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडायची आणि कानाशी धरून ती सुटते का ते ऐकायचे. मात्र रबर किती वीजदाब सोसेल, हे प्रयोगशाळेतच कळते. तिथे मोज्यात पाणी भरून तो पाण्यात बुडवतात आणि वीजदाब चढवून गळतीचा प्रवाह मोजतात. ११ केव्हीच्या कामाला चालणारा वर्ग २ चा मोजा २०,००० व्होल्टवर तपासला जातो. आयईसी ६०९०३ हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते, की अशा मोज्याची चाचणी होऊन सहा महिने उलटले असतील तर तो वापरू नये, मग तो कपाटात नवाकोरा पडून असला तरी.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियमही सुरक्षा साधने सुस्थितीत ठेवायला सांगतात.

म्हणून मागण्या अशा:

१. प्रत्येक जोडीवर शेवटच्या चाचणीची तारीख ठळक असावी.
२. ग्रामीण कार्यालयांसाठी मे आणि नोव्हेंबरमध्ये फिरते चाचणी वाहन यावे. जोडी चाचणीत असताना बदली जोडी मिळावी.
३. नापास मोजा तिथेच कापून टाकावा.
४. कंत्राटी कामगारांनाही हेच लागू व्हावे.

४ मार्चला देशभर लाइनमन दिन साजरा होतो. पुढच्या लाइनमन दिनापर्यंत ही व्यवस्था उभी करावी आणि तिची सुरुवात नेसरीसारख्या डोंगराळ, पावसाळी भागापासून व्हावी, ही विनंती.

आपला,
नेसरी परिसरातील एक वीजग्राहक