आपल्याच बोलीत

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ हे पाककृतींचे यूट्यूब चॅनेल सुरू केले, तेव्हा त्या सत्तरीच्या घरात होत्या. कॅमेऱ्यासाठी त्यांनी भाषा घासूनपुसून घेतली नाही. गावाकडची बोली आणि घरचा मसाला तसाच ठेवला. लाखो लोक जोडले गेले ते त्यामुळेच, असे आम्हाला मनापासून वाटते. नव्याने खाते उघडणारी कितीतरी मुले मात्र आधी ट्रेंडिंग गाणे शोधतात, दुसऱ्याचे हावभाव उचलतात आणि लवकरच कंटाळून गप्प होतात. याचे वाईट वाटते. हा अंक अशा नवख्यांसाठी आहे. पहिली पोस्ट घरात बोलता त्याच मराठीत लिहा आणि आम्हालाही जरूर पाठवा.