कोईच्या ताटात कमळ

कोई मासे म्हणजे एकदम स्टेटस सिम्बॉल. नव्या टॉवरची लॉबी घ्या, हायवेवरचं रिसॉर्ट घ्या नाहीतर एखादं महागडं रेस्तराँ. निळ्या टाइल्सच्या हौदात शेंदरी-पांढरे ढब्बू मासे निवांत फिरत असतात. पण एक गोष्ट नोटीस केलीय? त्या हौदांत बहुतेक वेळा झाड नसतं. एक पानसुद्धा नाही. आर्किटेक्टला हिरवळीचं वावडं असतं असं नाही, पण लावलेलं झाड तिथे टिकत नाही. कोई ते खातात.

गेल्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. टेरेस फ्लॅट घेतलाय, आता टेरेसवर पॉण्ड हवाच. साहेब ॲक्वेरियमच्या दुकानातूनच बोलत होते. "तू झाडांबद्दल लिहितेस ना? कोईबरोबर कुठली लावू ते पटकन सांग. सहा मासे सिलेक्ट केलेत आणि हातात कॅबोम्बाच्या चार जुड्या आहेत." मी म्हटलं, जुड्या आधी परत ठेव. कॅबोम्बा म्हणजे बडीशेपेच्या रोपासारखी झिपरी, कोवळी पाणवनस्पती. काचेच्या टाकीत छोट्या माशांबरोबर ती झकास दिसते. कोईसाठी मात्र ती कोशिंबीर. रात्रीत फस्त.

यात कोईचा काही दोष नाही. हा मासा मूळचा कार्प, म्हणजे आपल्याकडे मत्स्यशेतीत 'सायप्रिनस' म्हणून वाढवतात त्याचाच रंगीत भाऊबंद. जपानच्या निगाता भागातल्या भातशेतकऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमधून १८२०च्या सुमारास रंगीत पिल्लं निवडायला सुरुवात केली आणि त्यातून कोई घडले. रंग बदलला, पण सवयी कार्पच्याच राहिल्या. तळाचा चिखल तोंडात घ्यायचा, खाण्याजोगं वेचायचं, बाकीचं थुंकून टाकायचं. त्यांचे दात तोंडात नसून घशात असतात आणि जठर नसतंच. त्यामुळे एकदाच पोटभर जेवून ताणून देण्याची सोय नाही. दिवसभर थोडं थोडं चरत राहायचं. चरता चरता मुळं उकरली जातात, कुंडी आडवी होते आणि पाणी गढूळ.

मग झाडं हवीतच कशाला? कारण कोई भरपूर खातात आणि तेवढीच घाण करतात. त्यांच्या विष्ठेतल्या आणि श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या अमोनियाचं फिल्टरमधले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट म्हणजे झाडांसाठी खत. झाडांनी ते वापरलं आणि वर पानांची सावलीही पडली, की हिरव्या शेवाळाला आवर बसतो. शिवाय आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात माशांना आडोसा मिळतो. पण झाड आहे म्हणून फिल्टर नको, हा हिशेब मात्र चालत नाही. फिल्टर लागतोच.

झाडं निवडताना माझा फंडा अगदी साधा आहे. कोईला न आवडणारी झाडं, कोईचं तोंड न पोचणारी झाडं आणि कोईला खायलाच दिलेली झाडं. चौथा प्रकार विकत घ्यायचाच नाही.

न आवडणाऱ्यांमध्ये ॲन्युबियास आणि जावा फर्न. दोघांची पानं जाड, चिवट आणि चवीला खास नाहीत. एखादा खोडकर कोई चावा घेऊन बघेलही, पण सहसा नाद सोडून देतो. ही झाडं मातीत रोवायची नाहीत. आलं-हळदीसारखा त्यांचा आडवा कंद असतो, तो पुरला की कुजतो. दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधायची, मुळं आपोआप धरतात. वाढ मात्र गोगलगाईची. आणि जागा सावलीतली द्यायची, कारण थेट उन्हात त्यांच्या पानांवर शेवाळ चढतं.

तोंड न पोचणाऱ्यांमध्ये हिरॉइन अर्थातच वॉटर लिली. नर्सरीत लिली आणि कमळ दोन्ही 'कमळ' म्हणूनच विकतात, त्यामुळे पान बघून घ्या. देठापाशी चीर असलेलं आणि पाण्यावर तरंगणारं पान लिलीचं. अख्खं गोल, मध्यभागी देठ असलेलं आणि पुढे पाण्याच्या वर उठणारं पान कमळाचं. कमळाचा पसारा मोठा, छोट्या पॉण्डला लिलीच बरी. रुंद, जड कुंडी घ्या, साधी चिकण माती भरा आणि वर माशाच्या तोंडात मावणार नाहीत असे मूठभर आकाराचे गोटे रचा. लिलीला रोज पाच-सहा तास ऊन हवं आणि डोक्यावर कारंज्याचं पाणी नको. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आणल्या आणल्या माशांसमोर ठेवायची नाही. वेगळ्या टबात तिला सहा-सात दणकट पानं येऊ द्या. नव्या कोवळ्या पानावर कोई आधी ताव मारतात.

काठासाठी कर्दळ, अम्ब्रेला पाम आणि वेखंड. हो, बाळाच्या टाळूला आजी लावायची तेच वेखंड, ते मुळात पाणथळ जागेतलंच झाड. पॉण्डच्या कडेला उथळ कप्पा करा, मध्ये प्लास्टिकची जाळी लावा. मुळं पाण्यात, पानं हवेत आणि मासे जाळीपलीकडे. पाण्यातलं नायट्रेट शोषायला अशी वेगाने वाढणारी झाडं फारच कामाची.

तिसरा प्रकार म्हणजे खाऊ. भातशेतीत खत म्हणून आणि जनावरांना चारा म्हणून वापरतात तो अझोला कोई चवीने खातात. वेगळ्या टबात वाढवा आणि अधूनमधून मूठभर घाला. बाकीच्या झाडांवरची धाड थोडी कमी होते. मात्र मासे नसलेल्या टबात डास अंडी घालतात, त्यामुळे वर बारीक जाळी हवीच. नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचाच विषय निघेल.

आता घ्यायचीच नाही अशी एक. जांभळ्या फुलांची, फुगीर देठांची, कुणीतरी फुकट देऊ करतं ती जलपर्णी. नायट्रेट शोषण्यात ती नंबर वन, दिसायलाही गोड. पण मूळची दक्षिण अमेरिकेतली ही पाहुणी आपल्याकडे काय करते ते पुण्यात पवना, मुळा, इंद्रायणीच्या पुलांवरून उन्हाळ्यात बघा. पाणी दिसत नाही, हिरवा गालिचाच दिसतो. एका रोपाला धावत्या फांदीवर दुसरं फुटतं, त्याला तिसरं, आणि बिया चिखलात वर्षानुवर्षं तग धरतात. टबातली वाढली की लोक 'जाऊ दे' म्हणत ओढ्यात टाकतात. तुमच्या पॉण्डमधलं कुठलंही जादा झाड उन्हात कडक वाळवा आणि मगच कुंडीत खत म्हणून घाला. कोईसुद्धा नदी-तलावात सोडायचे नाहीत. तिथल्या तळाचीही ते अशीच उकराउकर करतात.

मित्राला झाडांच्या आधी मी वजन विचारलं होतं. त्याचं नाही, पॉण्डचं! ६ फूट लांब, ४ फूट रुंद, ३ फूट खोल म्हणजे सुमारे २,००० लिटर, अर्थात २ टन नुसतं पाणी. टेरेसवर ते ठेवायचं तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय एक बादलीही ओतू नका. आणि दुकानात बोटभर दिसणारा कोई दोन फुटांचा होतो, नीट सांभाळला तर २५-३० वर्षं जगतो. होम लोन फिटेल, मासा असेलच. एका मोठ्या कोईमागे साधारण १,००० लिटर पाणी धरलं, तर त्या टाकीत सहा नाही, दोन. साहेब थोडे हिरमुसले, पण दोघांवर राजी झाले.

आणखी दोन गोष्टी. नवीन झाड आणलं की दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा, म्हणजे गोगलगाईंची अंडी आणि नको ते परजीवी आत येत नाहीत. ते दिवस पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला, डासांची शंका नको. आणि निम्मा पृष्ठभाग तरी मोकळा ठेवा. झाडं दिवसा ऑक्सिजन देतात, पण रात्री तीही तो वापरतात. पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो आणि मासे वर येऊन आ वासतात. म्हणून एअर पम्प रात्रभर चालू हवा, लाइट बिल वाचवायची ही जागा नाही.

या वीकेण्डला नर्सरीत जाणार असाल तर खिशात एवढीच चिठ्ठी ठेवा. एक लिली, दोन कर्दळी, थोडं वेखंड, दगडाला बांधलेला एक ॲन्युबियास आणि मूठभर अझोला. कॅबोम्बा फारच आवडला असेल तर जरूर घ्या, फक्त त्याचा खर्च माशांच्या खाण्याच्या रकान्यात लिहा.