तक्रार करा, पण कामाची करा

दिवसा मी नाशिकच्या एका महाविद्यालयात संगणक शिकवते आणि रात्री, जमेल तेव्हा, एक छोटा प्रोग्राम सांभाळते. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर तो युनिकोडमध्ये आणतो. प्रोग्राम मोफत आहे, कोड खुला आहे; कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. प्रकाशकांची जुनी पुस्तकं, वकिलांचे मसुदे, पीएच.डी.चे प्रबंध असं बरंच काही त्यातून जातं. काही बिघडलं की तक्रार माझ्याकडे येते.

ती यायलाच हवी. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलट. या अदलाबदलीत कुठे काय घसरेल, हे एकटीने बसून कळत नाही. वापरणाऱ्याने सांगितलं नाही तर चूक तशीच छापून येते.

पण ‘तुमचं सॉफ्टवेअर चालत नाही, उद्या प्रबंध जमा करायचाय, ताबडतोब दुरुस्त करा’ एवढ्यावर मी काय करणार? फॉन्ट कोणता, फाइल कोणती, काय बिघडलं, कशाचाच पत्ता नसतो. विचारलं तर उत्तर येतं, ‘जमत नसेल तर ठेवलंय कशाला?’ याउलट सोलापूरच्या एका मुद्रितशोधकांनी मला मोजक्या ओळी पाठवल्या: मूळ फाइलमधली ओळ, प्रोग्रामने दिलेली ओळ आणि हवी असलेली ओळ. ‘सह्याद्रीच्या दऱ्यांमध्ये’ याचं ‘दर्यांमध्ये’ होत होतं, म्हणजे दरीच्या जागी समुद्र येत होता. सोबत फॉन्टचं नाव आणि ‘वाऱ्यावर’, ‘सुऱ्या’ या शब्दांतही हेच होतं, अशी नोंद. चूक कुठे आहे ते वाचतानाच दिसलं आणि त्याच रात्री ती दुरुस्त झाली.

प्रबंधाची तारीख खरी असते, त्यामागची घालमेलही खरी असते, हे मी रोज विद्यार्थ्यांत पाहते. अशी सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या ‘मेंटेनर’ मंडळींतही नवख्याला ‘आधी कोड वाचून ये’ म्हणून झटकणारे आहेत, वर्षानुवर्षं तक्रारीवर अवाक्षर न बोलणारे आहेत. त्यांचंही चुकतंच. तरीही दोन्ही बाजूंचं पारडं समान नाही. एका बाजूला हजारो वापरणारे असतात आणि दुसऱ्या बाजूला बहुतेकदा एकच माणूस, तोही नोकरी-संसार सांभाळून बसलेला. त्या माणसावर सतत दबाव आला तर काय होतं, हे जगाने पाहिलं आहे.

‘एक्सझेड’ हे फाइली आकुंचित करणारं सॉफ्टवेअर जवळजवळ प्रत्येक लिनक्स प्रणालीत असतं. फिनलंडचे लासे कॉलिन ते विनामोबदला सांभाळत होते. 2022 मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे टुमणं लावलं: सुधारणा रखडल्या आहेत, तुम्हाला रस उरलेला नाही, दुसऱ्याच्या हाती द्या. कॉलिन यांनी सांगितलं की आपलं मानसिक स्वास्थ्य बऱ्याच काळापासून ठीक नाही आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे. तगादा थांबला नाही. ‘जिया टॅन’ नावाने मदतीला आलेल्या एका व्यक्तीकडे हळूहळू अधिकार गेले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच हातांनी 5.6.0 या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. तगादा लावणारी ती नावंही याच कटाचा भाग होती, असं आज मानलं जातं. हा कट खपून गेला, कारण असा तगादा कुणालाच वावगा वाटला नाही. मेंटेनरांना तो रोजचाच असतो.

हा कट उघडकीला आणला तोही एका बग रिपोर्टनेच. ‘पोस्टग्रेस’ या खुल्या डेटाबेसवर काम करणारे अँड्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या संगणकावर लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं जाणवलं. ते कुणावर ओरडले नाहीत. त्यांनी वेळ मोजला, मूळ शोधलं आणि 29 मार्च 2024 रोजी कोणती आवृत्ती, कोणत्या परिस्थितीत, काय करते, हे सविस्तर लिहून जाहीर केलं. चोरदरवाजा बहुतेक सर्व्हरांपर्यंत पोहोचण्याआधीच बंद झाला.

ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची जबाबदारी तर कितीतरी मोठी. प्रोग्रामच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘लॉगफोरजे’ या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये डिसेंबर 2021 मध्ये गंभीर त्रुटी सापडली. त्यानंतर एका बड्या कंपनीने इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या ‘कर्ल’ या खुल्या सॉफ्टवेअरचे जनक डॅनियल स्टेनबर्ग यांना प्रश्नांची यादी पाठवली आणि 24 तासांत उत्तरं मागितली. कर्लचा त्या त्रुटीशी संबंध नव्हता आणि त्या कंपनीने स्टेनबर्ग यांच्याशी कसलाही करार केलेला नव्हता. आधी सपोर्टचा करार करा, मग उत्तरं देतो, असं त्यांनी कळवलं. ते योग्यच होतं. फुकट घेतलेल्या वस्तूवर हुकूम चालवण्याचा हक्क कुणालाच नाही.

आपल्याकडेही प्रकाशनसंस्था, विद्यापीठं, सरकारी कार्यालयं खुले फॉन्ट आणि खुली सॉफ्टवेअर रोज वापरतात. त्यांनी आपल्या एखाद्या माणसाला महिन्यातून एक दिवस या कामासाठी मोकळा द्यावा, किंवा सरळ पैसे द्यावेत. मेंटेनरांनीही काय जमेल आणि काय जमणार नाही, हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहावं.

आणि तुम्ही, वाचकहो, पुढच्या वेळी काही बिघडलं तर जरूर कळवा. कोणती आवृत्ती, काय केलं, काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, एवढं लिहा. जमलं तर चुकलेली फाइल जोडा. उत्तराला उशीर झाला तर धीर धरा, कारण पलीकडे तुमच्यासारखंच कुणीतरी दिवसाचं काम उरकून बसलेलं असतं.