उतरते छप्पर, चढती हौस

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

'हौसेला मोल नाही' असे आपण लग्नकार्यात आणि दिवाळीच्या खरेदीत नेहमी ऐकतो. हे वाक्य उच्चारणारा बहुधा पैसे मोजणारा नसतो, हा भाग वेगळा! या म्हणीचा खरा प्रत्यय घ्यावयाचा असेल तर वाचकांनी महामार्गालगतच्या एखाद्या मोटार-सजावटीच्या दुकानात चार दिवस बसून पाहावे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तसा बसलो. माझा मावसभाऊ (आम्ही त्याला दादा म्हणतो) पुण्याबाहेरच्या अशाच एका दुकानात कामाला आहे. इतिहासाची टिपणे काढावी म्हणून मी वह्या घेऊन गेलो होतो. वह्या कोऱ्याच राहिल्या आणि डोक्यात हा लेख शिरला.

दुकानात येतात त्या बहुतेक साध्या गाड्या. कुणाला सीट कव्हर हवे, कुणाला नवे स्पीकर. पण अधूनमधून अशी एक गाडी येते की सगळी पोरे हातातले काम टाकून बाहेर धावतात. पुढून पाहावे तर जीपसारखी उंच आणि धिप्पाड. बाजूने पाहावे तर छप्पर शर्यतीच्या मोटारीसारखे मागे उतरत गेलेले. हिला 'कूपे एस. यू. व्ही.' म्हणतात. 'कूपे' हा शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ 'कापलेली' असा होतो. घोड्यांच्या काळात मोठी बग्गी कापून दोघांपुरती केली की ती कूपे. घोडे गेले, पण शब्दाने आपला अर्थ सोडलेला नाही.

या गाडीत काय कापले आहे ते पाहा. जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने जानेवारी २००८ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात 'एक्स ६' नावाची मोटार मांडली. तिची थोरली बहीण 'एक्स ५' आधीपासून रस्त्यावर होतीच. थोरलीच्या पाठीमागे सामानाला ६२० लिटर जागा, धाकटीच्या मागे ५७०. थोरलीच्या मागच्या बाकावर तिघे बसत, धाकटीला आरंभी मागे दोनच आसने होती. त्यातून मागे बसणारा उंच असेल तर त्याचे डोके छपराशी सलगी करू लागते. किंमत मात्र थोरलीहून अधिक! जागा कमी आणि दाम जास्त, हा व्यवहार आमच्या आजीला सांगितला असता तर तिने दुकानदाराला उभे केले नसते. पण गिऱ्हाइके मिळाली. इतकी मिळाली की मर्सिडीजने २०१५ साली जी. एल. ई. कूपे, ऑडीने २०१८ साली क्यू ८ आणि पोर्शेने २०१९ साली कायेन कूपे बाजारात आणली.

येथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१९ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात याच एक्स ६ ला 'व्हँटाब्लॅक' जातीच्या काळ्या लेपाने माखून उभे केले होते. हा लेप प्रकाश इतका गिळतो की वस्तूचे वळण, घडी, खोली यांतले काहीच डोळ्यांना कळत नाही. कलेत हा काळा वापरण्याचा एकट्याचा हक्क मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांनी २०१६ साली मिळवला, तेव्हा चित्रकारांत केवढा गहजब झाला होता! असो. सांगायचे ते हे, की जी गाडी माणूस केवळ आकारासाठी घेतो, तिच्यावर आकारच दिसेनासा करणारा रंग चढवला गेला. हौसेचे तर्कशास्त्र आपल्या पदवी परीक्षेच्या तर्कशास्त्राहून निराळे असते, हे मला तेव्हा पटले.

कंपनीने केले एवढ्यावर हौस भागली असती तर दादाला काम उरले नसते. गाडी विकत घेतल्यावर तिच्यावर पुन्हा कारागिरी करून देणारी घराणीच जर्मनीत आहेत. लाउपहाइम गावच्या हामान नावाच्या घराण्याने एक्स ६ ला जे रूप दिले त्याचे नाव 'टायकून', म्हणजे बडा धनाढ्य. निदान नाव तरी प्रामाणिक! चाकांवरचे मडगार्ड बाहेर फुगवलेले, बंपरला नवी नाकपुडी, बॉनेटला फटी, पाठीमागे पंख आणि खाली २३ इंची रिंगा. 'एम' नावाच्या जोरकस एक्स ६ चे इंजिन तेव्हा कारखान्यातून ५५५ अश्वशक्तीचे येई, ते यांनी ६७० वर नेले. आता यातली गोम पाहा. उंच बसायला मिळावे म्हणून माणूस ही गाडी घेतो आणि मग स्प्रिंगा बदलून ती खाली आणतो. खडबडीत रस्ता सोसावा म्हणून घेतो आणि मग रिंग एवढी मोठी घालतो की टायरला रबराची एक पट्टीच उरते. पहिला खड्डा टायर सोसत नाही, रिंग सोसते. आमच्याकडच्या खड्ड्यांपुढे मग रिंगही हात टेकते.

हे सगळे मी दुकानात बसून मोठ्या ऐटीत बोलून दाखवले, तेव्हा पोरे हसली. दादा मात्र हसला नाही. "तुला नुसतं हसायला काय जातंय? ये, हात लाव," असे म्हणून त्याने मला एका बंपरपाशी नेले. त्या दिवशी मी काही गोष्टी शिकलो, ज्या कुठल्याही क्रमिक पुस्तकात नाहीत. अस्सल भाग साच्यातून निघालेला असतो, तो कंपनीच्या छिद्रांवर बरोबर बसतो. आपल्याकडे पुष्कळदा येते ती फायबरची नक्कल. तिचे एक टोक बसले की दुसरे उचलते. मग ती गरम करा, घासा, लांबी भरा, पुन्हा पॉलिश पेपर मारा, असे तीन-तीन दिवस चालते. शेवटी दोन पत्र्यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी झाली की दादा तिच्यावरून नख फिरवतो. नख कुठे अडले नाही तर काम झाले. ही कला नव्हे असे म्हणण्याची माझी तरी छाती नाही. आपल्या गावाकडे पोळ्याला बैलाची शिंगे रंगवणारा काय आणि हा काय, हात तेच आहेत. फरक एवढाच की बैल ताशी अडीचशे किलोमीटर धावत नाही.

आणि खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. रंगरूप बिघडले तर डोळ्यांना त्रास होईल, पण गती बिघडली तर? इंजिनाची ताकद वाढवण्याचे काम आता हातोडी-पान्याने होत नाही, संगणकाने होते. या गाड्यांच्या इंजिनाला टर्बो असतात. ते हवा दाबून आत कोंबतात. किती दाबायची, पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कधी पाडायची, याचा तक्ता गाडीच्या संगणकात असतो. कारखाना तो तक्ता राखून लिहितो, कारण तीच गाडी वाळवंटातही चालायची असते, बर्फातही, आणि हलक्या पेट्रोलवरही. कारागीर हा राखीव भाग उघडतो. यालाच दुकानात 'मॅप मारणे' म्हणतात. शंभर अश्वशक्ती वाढली म्हणून मालक खूश होतो. पण वाढलेली उष्णता, गिअरबॉक्सवर आलेला ताण आणि दोन टनांच्या वर वजनाची ती गाडी थांबवणारे ब्रेक, यांना कुणी विचारलेले नसते. कंपनीची हमी जाते ती वेगळीच.

दादावर जो प्रसंग आला तो मात्र मॅपमुळे नव्हे, चाकांमुळे. एका गृहस्थांना चाके मडगार्डाबाहेर दिसायला हवी होती. मोठ्या रिंगा, शिवाय आतून स्पेसर, शिवाय गाडी खाली आणलेली. दादाने सांगितले, "साहेब, गाडी भरलेली असली आणि स्टिअरिंग पूर्ण मारलं तर टायर आत घासणार." साहेब म्हणाले, "मी कुठे भरून नेतोय? बसव तू." दुकानमालकानेही मान डोलावली. दादाने बसवले. दोन महिन्यांनी साहेब मंडळींसह, सामानासुमानासह देवदर्शनाला निघाले आणि घाट उतरताना वळणावर टायरची बाजू चिरली. गाडी डोंगराच्या अंगाला टेकून थांबली, दरीच्या अंगाला नव्हे. मागच्या बाकावर दोन मुले होती. कुणाला खरचटलेही नाही, ही देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी साहेब दुकानात आले. दुकानमालकाने सगळ्यांसमोर दादालाच बोलून घेतले आणि पुढचे तीन महिने त्याचा निम्मा पगार कापला. दादाने सावध केले होते, पण त्या शब्दाला कागद नव्हता. आणि कागद होणार तरी कसा? जे काम मुळात कायद्याबाहेरचे, त्याची नोंद कोण ठेवील?

होय, कायद्याबाहेरचेच. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. केरळच्या उच्च न्यायालयाने थोडी ढील दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी काढून घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. ज्याच्या रिंगांचा एक संच लाखांच्या घरात जातो, त्याला पाच हजारांची भीती ती किती वाटणार? भीती वाटते ती कॉलेजात बुलेट घेऊन येणाऱ्या पोराला. बंदी सर्वांना सारखी आहे, पण ती झोंबते मात्र खिशाच्या मापाने.

मग जर्मनीत काय मोकळे रान आहे? मुळीच नाही. उलट तेथे आपल्याहून काच अधिक आहे, पण त्याची तऱ्हा निराळी. तेथे नुसत्या रिंगा बदलल्या तरी त्या गाडीला त्या चालतात असे तज्ज्ञाचे प्रमाणपत्र लागते आणि पुष्कळ बदलांसाठी गाडी तपासनिसापुढे नेऊन कागदपत्रांत नोंद करावी लागते. नाहीतर गाडीचा चालण्याचा परवानाच संपतो. तपासनीस काय करतो ते दादाला मी वाचून दाखवले. तो गाडीचे एक चाक उंचावर चढवतो, म्हणजे स्प्रिंगा पुऱ्या दबतात, आणि मग स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवून टायर कुठे घासतो का ते पाहतो. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एवढंच?" एवढेच! घाटात जे झाले ते या दहा मिनिटांत कळले असते.

या तपासणीचा इतिहास मला, इतिहासाचा विद्यार्थी म्हणून, विशेष वाटतो. ही तपासणी करणाऱ्या संस्थांना तेथे 'ट्यूफ' म्हणतात, आणि त्यांचा जन्म मोटारींपासून झालेला नाही, वाफेच्या बॉयलरपासून झाला आहे. १८६५ च्या जानेवारीत मानहाइम शहरातल्या एका दारूभट्टीचा बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी, १८६६ साली, बॉयलरच्या मालकांनीच एकत्र येऊन तपासणीची संस्था काढली. सरकारने बॉयलर बंद करण्याची त्यांनी वाट पाहिली नाही, आणि बॉयलरही बंद झाले नाहीत. तेथे २००५ साली सुरू झालेल्या एका मोहिमेत पोलिसी रंगाची, नियमात बसवून नटवलेली मोटार प्रदर्शनात उभी करतात, अशासाठी की पोरांनी पाहावे: नटवा, पण असे नटवा. आपल्याकडचे पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरांवर भर रस्त्यात रोडरोलर फिरवतात. दोन्ही देखावेच आहेत, पण एकातून शिकता येते आणि दुसऱ्यातून फक्त घाबरता येते.

सायलेन्सरच्या बाबतीत मात्र मी रोडरोलरच्या बाजूचा आहे, हे कबूल करतो. गती सोडताना मागून फटाके फुटावेत म्हणून न जळलेले पेट्रोल मुद्दाम सायलेन्सरमध्ये पेटवण्याचा मॅप असतो. त्यात ताकद नाही, वेग नाही, सौंदर्य तर नाहीच. रिंगा माझ्या डोळ्यांना आवडल्या नाहीत तर मी मान फिरवीन. कान कोठे फिरवू? आमच्या वसतिगृहासमोरच्या रस्त्यावर परीक्षेच्या आदल्या रात्री असा एक फटाकेवाला चार फेऱ्या मारून गेला होता. त्या पेपरातले माझे गुण येथे सांगत नाही.

कुणी म्हणेल, या श्रीमंतांच्या उठाठेवी, आपल्याला त्यांच्याशी काय कर्तव्य? परंतु उतरते छप्पर आता श्रीमंतांचे राहिलेले नाही. २०२४ साली टाटांची 'कर्व्ह' आली, त्याच वर्षाच्या अखेरीस महिंद्रांनी चाकणला तयार होणाऱ्या, तशाच घडणीच्या दोन विजेच्या गाड्या दाखवल्या. दादाच्या दुकानात कर्व्ह येऊ लागल्या आहेत. हप्त्यावर गाडी घेतलेला माणूस रिंगाही हप्त्यावर मागतो, आणि नक्कलच मागतो, कारण अस्सल परवडत नाही. अपघात झाला आणि न कळवलेला बदल सापडला तर विमा कंपनीला पैसे नाकारायला निमित्त मिळते, हे त्याला कुणी सांगत नाही. त्यापेक्षा आर. टी. ओ. मध्ये एक खिडकी उघडा, फी घ्या, चाक उंचावर चढवून बघा, जे धोक्याचे आहे ते उतरवायला लावा आणि जे बरे आहे त्याची आर. सी. पुस्तकात नोंद करून खाली सही करा. रंग बदलल्याची नोंद होऊ शकते, तर रिंगांची का होऊ नये? अशी खिडकी उघडली तर तेथेही चिरीमिरी सुरू होईल, असे आमचे एक मित्र म्हणतात. होईलही. पण आज सहीच नाही, म्हणून सगळा भार त्या माणसावर येतो ज्याच्या हातात पाना असतो.

सुट्टी संपवून निघालो तेव्हा माझ्या कोऱ्या वह्यांपैकी एक दादाने मागून घेतली. परवा त्याचा फोन आला होता. वहीत तो आता गाडीचा नंबर, तारीख, रिंगेचे माप आणि 'स्टिअरिंग पूर्ण फिरवून पाहिले, घासते / घासत नाही' एवढे लिहितो आणि खाली गिऱ्हाइकाची सही घेतो. दोघांनी सही करायला नकार दिला आणि दुसऱ्या दुकानात गेले. दुकानमालक कुरकुरतो आहे, पण वही अजून फेकलेली नाही.