दोष अनुपानाचा?

वैद्यबंधूंनो, रानशेतच्या दवाखान्यात एकदा मात्रा माझीच चुकली, परंतु बोल मी रुग्णाच्या घरच्या मधाला लावला. जून २०२४ मध्ये महायुतीतही असेच घडले. लोकसभेच्या ४८ पैकी १७ जागा मिळाल्या, भाजप २३ वरून ९ वर आला. आणि ‘ऑर्गनायझर’मधील एका लेखाने अजित पवारांशी केलेल्या युतीवर ठपका ठेवला. वास्तविक कांदा निर्यातबंदीने दुखावलेला शेतकरी हाही हेतू होताच. नोव्हेंबरच्या विधानसभेत अनुपान तेच राहिले. पवारांच्या पक्षाने ४१ जागा जिंकल्या. मधल्या काळात महिलांना दरमहा १५०० रुपये मिळू लागले होते; म्हणजे बदलले होते ते औषध! (आमच्या डहाणूस मात्र तेही लागू पडले नाही; तेथे माकपचे विनोद निकोलेच पुन्हा निवडून आले.)