वर्षअखेरचा स्नेहमेळावा : दोरी थोडी सैल सोडा

डिसेंबर उजाडला की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारची माणसे वाढतात. एक सर्दी-खोकल्याची आणि दुसरी निमंत्रणपत्रिका घेऊन येणारी. कुठे पतसंस्थेचा स्नेहमेळावा, कुठे कर्मचाऱ्यांच्या क्रीडास्पर्धा, तर कुठे सूतगिरणीची सहल. लहान गावात पंचवीस-तीस वर्षे डॉक्टरकी केली की नारळ फोडणे हाही व्यवसायाचाच एक भाग होऊन बसतो.

गेल्या आठवड्यात एका पतसंस्थेचे व्यवस्थापक असेच आले. “डॉक्टरसाहेब, यंदाही प्रमुख पाहुणे तुम्हीच,” असे म्हणून त्यांनी कार्यक्रमाची यादी माझ्यापुढे ठेवली. सकाळी सातला शंभर मीटर धावणे, मग रस्सीखेच, संगीत खुर्ची, दुपारी फिशपॉन्ड, भाषणे, बक्षिसे, जेवण आणि रात्री गाडीत बसून थेट कोकण. यादी वाचता वाचता मला मागच्या वर्षीची सकाळ आठवली. ती हकीकत वाचकांनाही सांगितली पाहिजे, कारण तिच्यात माझीही चूक आहे.

मागच्या डिसेंबरात याच संस्थेच्या स्पर्धा शाळेच्या मैदानावर होत्या. थंडी कडाक्याची. रस्सीखेचीत एका बाजूला वसुली विभाग, दुसऱ्या बाजूला कॅश काउंटरची मंडळी. शिट्टी माझ्याच हातात होती. वसुलीच्या दोरीच्या शेवटच्या टोकाला ५१ वर्षांचे एक गृहस्थ उभे होते. ते माझेच पेशंट. ब्लडप्रेशरची गोळी महिन्यातून पंधरा दिवस घेणारे आणि उरलेले पंधरा दिवस ‘आता बरे वाटते’ म्हणून सोडून देणारे. हे सारे मला ठाऊक होते. तरीही मी शिट्टी वाजवली. लोक ओरडत होते, मीही हसत होतो. वसुली विभाग जिंकला. सगळे नाचत असताना हे गृहस्थ बाकावर जाऊन बसले. कुणी म्हणाले पित्त झाले असेल, कुणी सोडा आणायला धावले. मी जवळ गेलो तो कपाळावर घामाचे थेंब. त्या थंडीतला तो घाम बरा नव्हता. ॲस्पिरिन चावून खायला दिली, १०८ ला फोन केला. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. आज ते कामावर आहेत आणि गोळीही तीसही दिवस घेतात. ते वाचले यात माझे कर्तृत्व थोडे आणि त्यांचे नशीब मोठे. डॉक्टर मैदानावर हजर असताना ही गत, तर जेथे डॉक्टर नसतो तेथे काय होत असेल?

असे का होते, ते थोडक्यात पाहू. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. रस्सीखेचीत माणूस श्वास कोंडून जोर लावतो, त्यामुळे तो आणखी उसळतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत आधीच चरबीचा थर साचलेला असेल तर तो अशा वेळी फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. १९९३ साली अमेरिकेत आणि जर्मनीत या विषयावरची दोन संशोधने प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील संशोधनात असे आढळले की, एरवी व्यायाम न करणाऱ्याने अचानक जबर श्रम केले तर पुढच्या तासाभरात त्याला हार्ट अटॅकचा धोका नेहमीच्या शंभरपटीहून अधिक असतो. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत तोच धोका जेमतेम अडीच पट वाढतो. एरवीचा तासाभराचा धोका अगदी लहान असतो, म्हणून घाबरून जाऊ नये. पण वर्षभर खुर्ची न सोडलेल्या पन्नाशीच्या माणसाला एका सकाळी पैलवान करू नये, एवढा बोध त्यातून जरूर घ्यावा.

व्यवस्थापकांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग डॉक्टरसाहेब, गंमत काय राहिली? कर्मचाऱ्यांत एकोपा तर वाढायला हवा ना!” प्रश्न रास्त आहे. पण एकोपा म्हणजे काय, ते आधी ठरवू. आपल्याकडे हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. त्या दिवसांत संस्थेतील एखाद्याला ताप आला, तर शेजारच्या टेबलावरचा माणूस न सांगता त्याचे काम हाती घेतो की नाही, ही एकोप्याची खरी परीक्षा. डिसेंबरचा मेळावा ही त्या परीक्षेची तयारी होय. शंभर मीटर कोण किती वेगाने धावला याचा तिच्याशी काहीही संबंध नाही. उलट अशा स्पर्धांत नेहमीची चार तरुण पोरे बक्षिसे नेतात आणि बाकीचे तीस जण खुर्च्यांवर बसून वडापाव खातात. माझ्या मते मेळाव्याची यादी करताना एकच प्रश्न विचारावा : या कार्यक्रमात बाजूला बसून कोण राहील? ज्याचे गुडघे दुखतात, जिला सातवा महिना आहे, जो शिपाई चहा वाटण्यात गुंतला आहे, त्यांना ज्यात भाग घेता येईल तोच खेळ यादीत ठेवावा.

आता त्या यादीतील एकेक बाब घेऊ. रस्सीखेच हवीच असेल तर तरुणांची, अंग गरम करून, ऊन आल्यावर, आणि दोरी हाताला न गुंडाळता. १९९७ साली तैपेई शहरात शेकडो लोकांच्या रस्सीखेचीत दोर तुटून दोन माणसांचे हात गेले होते. संगीत खुर्चीत खुर्च्यांपेक्षा मनगटे जास्त मोडतात, विशेषतः फरशीवर. पन्नाशीपुढच्या स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असतात, हे ध्यानात ठेवावे.

फिशपॉन्डविषयी मला थोडे कडक बोलायचे आहे. निनावी चिठ्ठीत कुणाची तरी थट्टा लिहायची आणि ती माइकवर वाचायची, हा खेळ कॉलेजात शोभतो की नाही हाच प्रश्न आहे, कार्यालयात तर तो नकोच. चाळिशीच्या एक बाई माझ्याकडे झोप येत नाही म्हणून आल्या. औषध लिहिण्याआधी मी चौकशी केली, तेव्हा कळले की कार्यालयाच्या स्नेहसंमेलनात त्यांच्या वजनावर फिशपॉन्ड पडला होता. त्यांना थायरॉइडचा आजार आहे. सभागृह हसले, त्याही हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्या डबा एकट्या खाऊ लागल्या. एकोप्यासाठी केलेल्या कार्यक्रमाने एक माणूस एकटे पाडले. या दुखण्याला माझ्याकडे गोळी नाही.

जेवणाची गोष्ट तशीच. भाषणे लांबतात, पाहुणे उशिरा येतात आणि पंगत तीन वाजता बसते. सकाळी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन आलेल्या माणसाची साखर तोवर उतरते. त्याला घाम सुटतो, हात थरथरतात आणि लोकांना वाटते हा उन्हाने चक्कर येऊन पडला. आधी पोटोबा मग विठोबा, हे वाडवडील उगाच म्हणत नव्हते. प्रमुख पाहुण्याचे भाषण जेवणानंतरही चालते. चालले नाही तरी कुणाचे बिघडत नाही.

आणि रात्रीची कोकण सहल. दिवसभर खेळून थकलेली माणसे, जागरण करणारा ड्रायव्हर, घाटरस्ता आणि पहाटे अनोळखी समुद्र. २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. समुद्राला कुणाच्या वयाची दया नसते आणि पोटात दारू असेल तर माणसालाही खोलीचे भान राहत नाही. शिवाय रविवारी रात्री परतून सोमवारी काउंटर उघडायचे! घरी लहान मुले किंवा आजारी सासू असलेली कर्मचारी स्त्री अशा सहलीला येऊच शकत नाही. मग ‘बाई मिसळत नाहीत’ असा शेरा मारायला आपण मोकळे.

मग करावे काय? मी व्यवस्थापकांना दुसरी यादी लिहून दिली. आपल्या ज्वारीच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारी म्हणजे हुरड्याचे दिवस. गावापासून आठ-दहा किलोमीटरवरचे एखादे रान बघावे. रविवार नको, कारण तो बायकांचा कपडे धुण्याचा दिवस असतो. शनिवारी कामाच्या वेळेतच, ऊन वर आल्यावर निघावे आणि दिवेलागणीपूर्वी घरी. चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत, म्हणजे साहेब आणि शिपाई, वसुली आणि कॅश एकाच गटात येतात. एका गटाने आगटी पेटवावी, दुसऱ्याने कणसे भाजावी, तिसऱ्याने चोळावी, चौथ्याने चटणी-दह्याचे बघावे. कणीस चोळताना साहेबांचे हात भाजतात आणि शिपाई त्यांना युक्ती शिकवतो, तेव्हा जे घडते ते कुठल्याही भाषणाने घडत नाही. मधुमेह्यांनी हुरडा हेच जेवण समजावे आणि गुळाकडे पाहू नये. पिण्याचे पाणी घरून न्यावे.

त्यानंतर बोलता येईल इतक्याच वेगाने बांधावरून दोन-तीन किलोमीटर चालावे. लिंबू-चमचा, भेंड्या, कुणाची पेटी, कुणाचे भारूड. ज्याला नको त्याने नुसते ऐकावे, त्याची हजेरी मांडू नये.

आणि एक तास माझा. कार्यक्रमाच्या आधी सर्वांचे ब्लडप्रेशर मी मोजेन. मग छातीवर दाब देण्याची क्रिया शिकवेन. कोसळलेला माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर आधी १०८ ला फोन करून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाबत राहायचे, मदत येईपर्यंत. सराव बाहुलीवर करायचा, जिवंत माणसावर नव्हे. हेही काम एकट्याचे नाही. दोन मिनिटांत दाबणारा थकतो आणि दुसऱ्याला जागा घ्यावी लागते. सहकाऱ्याचा जीव आपल्या हातात असू शकतो हे ज्याला एकदा कळले, त्याला एकोप्याचे धडे वेगळे द्यावे लागत नाहीत.

व्यवस्थापक यादी घेऊन गेले आहेत, संचालकांपुढे ठेवतो म्हणाले. वाचकांपैकी कुणी अशा समितीवर असतील तर त्यांनीही आपली यादी एकदा तपासून पाहावी. नारळ फोडायला मी अवश्य येईन. मात्र या खेपेस शिट्टी वाजवण्यापूर्वी मी दोरीच्या शेवटच्या टोकाला कोण उभे आहे ते पाहणार आहे. आपणही पाहावे, इतकीच विनंती.