माश्यांची खोली आणि 'रक्तातले मेरिट'

आरक्षणाचा वाद कॉलेजच्या ग्रुपवर पेटला की शेवटी कोणीतरी जीन्सवर येतो. "मेरिट जन्मजात असते, विज्ञानच सांगते." आपली मुले तिथे घटनेची कलमे आणि कोर्टाचे निकाल काढतात. विज्ञानाचा मुद्दा मात्र समोरच्याच्या ताब्यात राहतो. तो का सोडू नये, हे एका इमारतीवरून सांगता येते.

इमारत न्यूयॉर्कमधली, कोलंबिया विद्यापीठातली. नाव शेर्मरहॉर्न हॉल. १८९७ मध्ये विद्यापीठ नव्या आवारात आले, तेव्हा ही वास्तू निसर्गविज्ञानासाठी उघडली. दारावर तसे कोरलेलेही आहे. प्राणिशास्त्र, भूगर्भशास्त्र, मानसशास्त्राची प्रयोगशाळा, सगळे इथे.

प्राणिशास्त्राचा विभाग उभा केला तो हेन्री फेअरफील्ड ऑस्बॉर्न यांनी. हे गृहस्थ सुप्रजननवादाचे बडे पुढारी. 'चांगल्या रक्ताची' माणसे वाढावीत, 'हलक्या रक्ताची' कमी व्हावीत, हा तो वाद. मॅडिसन ग्रँटच्या १९१६ च्या वंशवादी पुस्तकाला प्रस्तावना त्यांचीच. मनुस्मृती न वाचताही माणूस मनुवादी होऊ शकतो, तो असा.

आणि त्यांनीच उभ्या केलेल्या या विभागात, खोली क्रमांक ६१३ मध्ये, त्यांच्या वादाच्या मुळावर घाव बसत होता. सोळा बाय तेवीस फुटांची खोली, दुधाच्या बाटल्यांत पाळलेल्या फळमाश्या, कुजक्या केळ्यांचा वास. थॉमस हंट मॉर्गन आणि त्यांचे विद्यार्थी स्टर्टेव्हंट, ब्रिजेस, मुलर. जनुके गुणसूत्रांवर असतात, हे या माश्यांनी सिद्ध केले. पण आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. माशीच्या डोळ्याच्या नुसत्या रंगामागेही अनेक जनुके निघाली. मग माणसाची बुद्धी 'रक्तात' अखंड उतरते, हे कशाच्या आधारावर म्हणायचे? पुढे १९२५ मध्ये मॉर्गन यांनीच सुप्रजननवाद्यांच्या अशा दाव्यांवर जाहीर टीका केली. १९३२ मध्ये मुलर यांनी सुप्रजननवाद्यांच्याच परिषदेत सांगितले की समाजात आर्थिक विषमता असताना कोणाची जनुके सरस हे ठरवताच येत नाही. (मुलर यांचा सुप्रजननाचा मोह पुरता सुटला नाही, हेही लक्षात ठेवा. देव करायला कोणी नको.)

बाबासाहेब कोलंबियात होते १९१३ ते १९१६, म्हणजे नेमके याच वर्षांत. त्यांना त्या खोलीत नेऊन बसवण्याची गरज नाही. गौरवापोटी न घडलेल्या गोष्टी रचायची सवय आपल्याला लागली आहे, ती वाईट. घडले ते पुरेसे आहे. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी जातीवरचा निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नाच्या सक्तीने, असे त्यांनी मांडले. म्हणजे जात रक्ताने नव्हे, नियमाने बनते. वीस वर्षांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातीचे सुप्रजननवादी समर्थन फोडताना त्यांनी आधार घेतला तो बेटसन या आनुवंशशास्त्रज्ञाचा. विज्ञानाचा मुद्दा त्यांनी सोडला नव्हता.

१९२८ मध्ये मॉर्गन कॅलिफोर्नियाला गेले. इमारतीतला पुढचा सामना मानसशास्त्र विभागात झाला. तिथे केनेथ क्लार्क यांनी १९४० मध्ये आणि त्यांच्या पत्नी मेमी फिप्स क्लार्क यांनी १९४३ मध्ये पीएचडी मिळवली, त्या विभागातले पहिले दोन कृष्णवर्णीय डॉक्टरेट. मेमी यांचे मार्गदर्शक हेन्री गॅरेट, कृष्णवर्णीय जन्मतः कमी बुद्धीचे असे मानणारे. त्यांच्याच हाताखाली त्यांनी प्रबंध पूर्ण केला. १९५२ मध्ये व्हर्जिनियातल्या शाळा खटल्यात गॅरेट विभक्त शाळांच्या बाजूने साक्षीला आले, आणि त्यांना खोडून काढायला मेमी उभ्या राहिल्या. आकडे कसे वाचायचे ते गॅरेट यांच्याकडेच शिकलेल्या! तो खटला 'ब्राउन' प्रकरणात सामील झाला आणि १९५४ मध्ये विभक्त शाळा घटनाबाह्य ठरल्या.

आज या वास्तूत मानसशास्त्राबरोबर कलेचा इतिहास आहे आणि जोडइमारतीत मानववंशशास्त्र. मॅनिंग मॅरेबल यांनी १९९३ मध्ये स्थापलेली आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाची संस्थाही जोडइमारतीतच राहिली. २०१८ मध्ये विद्यापीठाने या विषयाचा स्वतंत्र विभाग केला.

आपल्याकडे कार्यकर्त्याचे पोर बहुधा समाजशास्त्र, राज्यशास्त्र, समाजकार्य या रांगेत दिसते. मीही त्याच रांगेतला. शिष्यवृत्ती उशिरा येते, गाईड मिळत नाही, प्रॅक्टिकलचे मार्क ज्याच्या हातात तो आडनाव विचारतो. कारणे खरी आहेत. पण त्यामुळे बाटल्या, सूक्ष्मदर्शक आणि आकडे त्यांच्याकडे राहतात, आणि आपल्याकडे फक्त निषेध. मेमी क्लार्क यांनी निषेधाबरोबर आकडेही नेले होते.

पुढच्या अभ्यासवर्गात 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'चे पाचवे प्रकरण घ्या. सोबत बारावीचे जीवशास्त्राचे पुस्तक ठेवा, आणि समजावून सांगायला वस्तीतल्या बीएस्सीच्या मुलीला पुढे बसवा.